निसर्गाचा नियम आणि बाजारातली पेटी

१

यंत्र खोटे बोलत नाही, असे आमच्या गावच्या स्वस्त धान्य दुकानात माझ्या आईला ऐकवण्यात आले, तेव्हा मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवीत होतो. दुकानात अंगठ्याचे यंत्र नुकतेच आले होते. आईचा जन्म ऊसतोडीत आणि खडी फोडण्यात गेला. तिच्या अंगठ्याच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या आहेत. यंत्राने तीन वेळा नकार दिला आणि त्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन परतली. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, “माझा आंगठा माझा न्हाई म्हंतंय ते.”

मी घरातला पहिला पदवीधर. विज्ञान शिकलो म्हणजे फसवणुकीतून सुटलो, अशी माझी आणि माझ्या बापाची समजूत होती. पण तेच विज्ञान पेटीत बंद होऊन आईसमोर उभे राहिले, तेव्हा तिला त्या पेटीला उलट प्रश्न विचारता आला नाही. मी यंत्राच्या आतले नियम जाणणारा. मलाही तो विचारता आला नाही. कारण प्रश्न नियमाचा नव्हताच. पेटी कोणी बनवली, कोणाच्या बोटांवर तपासली आणि चुकली तर भुर्दंड कोणी सोसायचा, हा तो प्रश्न होता.

या लेखात मी रेशनच्या यंत्राविषयी लिहिणार नाही. त्याहून फार अवघड आणि फार महागड्या एका पेटीचा इतिहास मी सांगणार आहे. क्वांटम भौतिकीच्या आधाराने गुप्त संदेशाची किल्ली पाठवणारी ही पेटी ‘निसर्गाच्या नियमानेच सुरक्षित’ अशा हमीने बाजारात आली. तंत्रज्ञान बाजारात आणताना जबाबदारी कशी पाळावी, याची चर्चा युरोपात गेली काही वर्षे ‘जबाबदार नवनिर्मिती’ या नावाने चालू आहे. हे नाव आपल्या कार्यकर्त्यांना परके वाटेल. पण त्यामागचा प्रश्न आपला आहे, आणि या पेटीचा चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला की तो चांगला उमगतो.

२

प्रथम नियम समजून घेऊ. माझ्या प्रयोगशाळेत महागडे काही नाही, पण पोलरॉइडचे तीन तुकडे आहेत. दोन तुकडे एकमेकांशी काटकोनात धरले की प्रकाश अडतो. त्या दोहोंच्या मध्ये तिसरा तुकडा तिरका धरला की अडलेला प्रकाश पुन्हा पलीकडे येऊ लागतो. मुले दरवर्षी दचकतात. अडथळा वाढवला, तर प्रकाश वाढला कसा? त्याचे उत्तर असे की पोलरॉइड प्रकाशाच्या कंपनाची दिशा नुसती तपासत नाही. तपासता तपासता ती बदलून टाकतो. एकट्या प्रकाशकणाच्या बाबतीत तर मोजणे म्हणजे हात लावणे, आणि हात लावला की खूण उरणारच.

या नियमाचा उपयोग प्रथम सुचला तो स्टीफन वीजनर या अमेरिकन तरुणाला, १९७० च्या सुमारास. ज्यांची नक्कल करणे निसर्गालाच मान्य नाही अशा नोटा बनवता येतील, असे त्याने लिहिले. संपादकांनी तो निबंध परत पाठवला. तो छापला गेला १९८३ मध्ये. पुढे वीजनर इस्राएलमध्ये स्थायिक झाला आणि उत्तरायुष्यात त्याने स्वतः निवडून बांधकामावर मजुरी केली. २०२१ मध्ये तो वारला. विद्वत्ता आणि अंगमेहनत यांच्यामध्ये त्याने भिंत मानली नाही. आपल्याकडे ती भिंत ओलांडायला पिढ्या लागतात, म्हणून हे नमूद करतो.

वीजनरची कल्पना चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार या दोघांनी पुढे नेली. बेनेट आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत, ब्रासार कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठात. १९७९ मध्ये पोर्तो रिको बेटावरच्या एका परिषदेच्या वेळी समुद्रात पोहता पोहता त्यांची ओळख झाली. पाच वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये, त्यांचा जो निबंध सादर झाला त्यावर आज एक उद्योग उभा आहे. तो सादर झाला आपल्या देशात, बंगळूरच्या एका अभियांत्रिकी परिषदेत. त्या पद्धतीला दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि ते साल मिळून ‘बीबी ८४’ म्हणतात.

पद्धत अशी. ‘अ’ आणि ‘ब’ यांना एकमेकांना गुप्त संदेश पाठवायचे आहेत आणि त्यासाठी दोघांकडे एकच किल्ली हवी; किल्ली म्हणजे शून्य आणि एक या अंकांची माळ. ‘अ’ एकेक प्रकाशकण पाठवतो. कोणाची दिशा उभी, कोणाची आडवी, कोणाची डावीकडे तिरपी, कोणाची उजवीकडे. ‘ब’ प्रत्येक कण अंदाजाने कधी उभ्या-आडव्या चौकटीत, कधी तिरप्या चौकटीत मोजतो. नंतर दोघे उघडपणे एकमेकांना कोणती चौकट वापरली तेवढे सांगतात. उत्तर काय आले ते सांगत नाहीत. चौकटी जुळल्या तेवढे अंक ठेवतात, बाकीचे टाकून देतात. मध्ये कोणी चोराने कण पकडून, मोजून पुढे पाठवला असेल, तर त्यालाही चौकट अंदाजानेच निवडावी लागते. प्रत्येक कणावर त्याने असे केले, तर ठेवलेल्या अंकांत सरासरी चारात एक चूक शिरते. ‘अ’ आणि ‘ब’ थोडे अंक ताडून पाहतात. चुका जास्त दिसल्या की किल्ली फेकून देतात.

हा विचार सुंदर आहे. चोरी अशक्य आहे असे तो म्हणत नाही. चोरी लपणार नाही, एवढेच म्हणतो.

पण त्याच डिसेंबरच्या आरंभी, २ आणि ३ तारखांमधल्या रात्री, त्याच देशात भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला होता आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या गरिबांच्या वस्त्या झोपेतच गुदमरल्या होत्या. त्या कारखान्यात वायू थंड ठेवणारी यंत्रणा होती. ती बंद ठेवलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता. त्याची जोडणी तुटलेली होती. रसायनशास्त्राचा नियम त्या रात्री चुकला नाही. नियम जाणणाऱ्यांनी उभारलेली आणि खर्च वाचवण्यासाठी दुर्लक्षिलेली यंत्रणा चुकली. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. बंगळूरच्या सभागृहाचा भोपाळशी काही संबंध नव्हता, हे खरे. पण नियम कितीही खरा असला तरी त्याच्या आणि माणसाच्या मध्ये कोणीतरी बांधलेली पेटी असते आणि ती पेटी कोणाच्या तरी वस्तीशेजारी ठेवलेली असते, हा धडा भोपाळने दिला. पुढचा इतिहास याच धड्याच्या प्रकाशात वाचावा, अशी माझी विनंती आहे.

३

कागदावरची पद्धत पहिल्यांदा प्रत्यक्षात आली १९८९ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत. बेनेट, ब्रासार आणि त्यांचे विद्यार्थी यांनी एक उपकरण जुळवले. त्यात प्रकाशकण सुमारे ३० सेंटिमीटर प्रवास करीत. आपली शाळेतली फूटपट्टी तेवढी असते. किल्ली तयार झाली. पण प्रकाशाची दिशा बदलणाऱ्या भागांना जो वीजपुरवठा लागे, तो दिशेनुसार वेगवेगळा आवाज करी. शेजारी उभ्या माणसाला कोणता अंक चालला आहे ते कानांनी कळले असते. ब्रासारने पुढे गमतीने सांगितले की आमचे यंत्र पूर्ण सुरक्षित होते, फक्त चोर बहिरा असायला हवा होता.

या विनोदात सगळा विषय आला आहे. निसर्गाच्या नियमाने प्रकाशकणाची राखण केली. वीजपुरवठ्याच्या आवाजाची राखण त्याने केली नाही, कारण ती त्याची जबाबदारीच नव्हती. ती पेटी जुळवणाऱ्याची होती. संशोधक ही गोष्ट हसत हसत स्वतःच सांगत होते, कारण त्या पेटीवर अजून कोणाचा माल विकला जाणार नव्हता.

मग बाजार कसा आला? त्याला भीतीने रस्ता करून दिला. १९९४ मध्ये पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिले की मोठा क्वांटम संगणक कधी बनलाच, तर आज बँका आणि सरकारे ज्या गणिती कुलपांवर विसंबून आहेत त्यांतली महत्त्वाची कुलपे तो उघडू शकेल. असा संगणक तेव्हा नव्हता आणि ती कुलपे उघडण्याइतका मोठा संगणक आजही नाही. पण उद्याच्या भीतीवर आज माल खपतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

१९९५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी तिथल्या सरोवराखालून गेलेल्या टेलिफोनच्या काचतंतूतून २३ किलोमीटरवर हा प्रयोग करून दाखवला. फूटपट्टीपासून २३ किलोमीटरपर्यंत यायला सहा वर्षे लागली. २००१ मध्ये त्या विद्यापीठातून ‘आयडी क्वांटिक’ ही कंपनी निघाली. अमेरिकेत ‘मॅजिक्यू’ ही कंपनीही अशाच पेट्या विकू लागली. ऑक्टोबर २००७ मध्ये स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निवडणुकीत जिनिव्हा प्रांताने मतमोजणीचे केंद्र आणि सरकारी माहितीकेंद्र यांमधल्या दुव्यासाठी ही पेटी वापरली. लोकशाहीचे रक्षण निसर्गाच्या नियमाने, अशी ती बातमी जगभर गेली. प्रत्यक्षात राखण झाली ती साखळीतल्या एका कडीची. मतदाराच्या हातातल्या कागदापासून मोजणाऱ्याच्या टेबलापर्यंतचा सारा प्रवास पूर्वीसारखाच माणसांच्या भरवशावर होता. जाहिरातीच्या प्रकाशात कडी दिसली, साखळी दिसली नाही.

४

२०१० मध्ये नॉर्वेतल्या ट्राँडहाइम इथल्या विद्यापीठाच्या आणि जर्मनीतल्या काही संशोधकांनी बाजारात विकल्या गेलेल्या अशा दोन पेट्या तपासल्या. त्यांनी प्रकाशकणाला हात लावला नाही. कण ओळखणारा जो भाग, म्हणजे डिटेक्टर, त्याला हात घातला. डिटेक्टरवर सतत तेजस्वी प्रकाश सोडला की त्याचे डोळे दिपतात आणि एकटा कण त्याला दिसेनासा होतो. मग नेमक्या तीव्रतेचा झोत पाठवला की चोराला हवा तेव्हाच तो ‘कण आला’ असे नोंदवतो. म्हणजे ‘ब’ काय मोजतो हे चोर ठरवतो, आणि चुकांचे प्रमाण वाढत नसल्यामुळे ‘अ’ आणि ‘ब’ यांना संशयही येत नाही. पुढच्या वर्षी सिंगापूरमध्ये एका प्रायोगिक दुव्यावर अशा चोराने सगळी किल्ली पळवून दाखवली. नियमाचा भंग कुठेही झाला नव्हता.

पुढे काय झाले, तेही महत्त्वाचे आहे. संशोधकांनी दोष छापण्यापूर्वी कंपन्यांना कळवला. जिनिव्हाच्या कंपनीने दुरुस्ती शोधली. ती दुरुस्तीही अपुरी आहे असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आढळले, आणि त्या निबंधाच्या लेखकांत त्याच कंपनीचा माणूस होता. आपल्या मालातला दोष आपल्याच सहीने जाहीर करणे, याला मी जबाबदारी म्हणतो. रेशनच्या दुकानात आईला ती मिळाली नाही. तिथे दोष अंगठ्याचा ठरला, पेटीचा नव्हे.

दोष दाखवता आला कारण पेटी विकत घेऊन, उघडून, तिच्यावर हल्ला करून पाहणारे संशोधक होते; त्यांना पगार देणारी विद्यापीठे होती; निकाल छापणारी नियतकालिके होती. पेटी सीलबंद राहिली असती तर ‘निसर्गाचा नियम’ हा मंत्र राहिला असता. आणि मंत्र कसा वापरला जातो, हे आपल्यासारख्यांना शिकवावे लागत नाही. माणसामाणसांतली उतरंड निसर्गानेच घातली आहे, गुणकर्म जन्मानेच ठरते, ही व्यवस्था कोणी बनवलेली नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. बनवलेली वस्तू निसर्गाच्या नावावर खपवली की बनवणारा जबाबदारीतून सुटतो. भौतिकीचा नियम आणि जातीचा दावा एका मापाचे नाहीत, हे मी भौतिकीचा शिक्षक म्हणून ठासून सांगतो. पहिला प्रयोगाला उतरतो, दुसरा उतरत नाही. परंतु खऱ्या नियमाच्या आडसुद्धा माणसाचे कर्तृत्व आणि माणसाची चूक लपवता येते, म्हणून खरा नियम ऐकला तरी आपण पेटी उघडून पाहण्याचा हक्क सोडता कामा नये.

या पेटीच्या आणखी काही मर्यादा आहेत. काचतंतूत प्रकाशकण विरत जातात, म्हणून लांबच्या अंतरासाठी मध्ये ठाणी लागतात. चीनने बीजिंग ते शांघाय ही सुमारे २००० किलोमीटरची वाहिनी २०१७ मध्ये सुरू केली. तीवर ३२ ठाणी आहेत. अशा ठाण्यावर किल्ली उघडी होते आणि पुन्हा बंद होऊन पुढे जाते. म्हणजे ठाण्यावरच्या माणसावर विश्वास ठेवावाच लागतो. शिवाय ही पद्धत पलीकडे बसलेला खरोखर ‘ब’च आहे की त्याचा वेष घेतलेला दुसरा कोणी, हे स्वतः होऊन सांगत नाही, त्यासाठी आधीची ओळख लागते. या आणि अशा कारणांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, २०२० मध्ये आपल्या कामासाठी ही पद्धत वापरू नये असे मत जाहीर केले. ही संस्था स्वतः जगाची पत्रे चोरून वाचते, हे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केले आहे. तेव्हा तिच्या मतावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे मी म्हणणार नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन यांच्या सुरक्षा संस्थांनीही संयुक्तपणे जवळपास हेच सांगितले: ही पद्धत सध्या मोजक्या विशेष कामांपुरती आहे, आधी दुसऱ्या मार्गाकडे लक्ष द्या.

५

तो दुसरा मार्ग गणिताचा आहे. क्वांटम संगणकालाही उघडता येऊ नयेत अशी नवी गणिती कुलपे शोधायची, आणि ती आज आहेत त्याच संगणकांवर आणि मोबाइलवर बसवायची. अमेरिकेच्या प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१६ मध्ये जगातल्या कोणाही गणितज्ञाला उघड आवाहन केले: तुमचे कुलूप आणा, सगळ्यांसमोर ठेवा, इतरांना ते फोडू द्या. पहिल्या फेरीत ६९ प्रस्ताव तपासणीला घेतले गेले. काही कुलपे शेवटच्या फेऱ्यांपर्यंत टिकली आणि मग फुटली. २०२२ च्या आरंभी ‘रेनबो’ नावाचे कुलूप एका संशोधकाने साध्या लॅपटॉपवर आठवड्याच्या सुट्टीत फोडले. त्याच वर्षी ‘साइक’ नावाचे दुसरे, नेहमीच्याच संगणकावर, सुमारे तासाभरात फुटले. १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन पद्धती प्रमाण म्हणून जाहीर झाल्या.

या कुलपांना निसर्गाची हमी नाही. उद्या एखादा हुशार मुलगा तीही फोडू शकेल. तरीही जबाबदारीच्या मापाने पाहता मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. यात कोणी ‘कधीच फुटणार नाही’ असे म्हणत नाही. ‘सगळ्यांनी मिळून फोडून पाहिले, अजून फुटले नाही’ एवढेच म्हणतात. दुसरे असे की क्वांटम पेटीला स्वतःची काचतंतूची वाहिनी आणि महागडी उपकरणे लागतात. ती बँकेच्या, सैन्याच्या, मंत्रालयाच्या दारात जाईल. गणिती कुलूप खेड्यातल्या आशा कार्यकर्तीच्या मोबाइलमध्येही बसू शकते.

आणि कुलपाची गरज कोणाला आहे? आज जी माहिती कुलूपबंद जाते ती जशीच्या तशी साठवून ठेवायची आणि पुढे क्वांटम संगणक हाती आला की उघडायची, असा धोका तज्ज्ञ सांगतात. बँकेचा व्यवहार पाच वर्षांत शिळा होतो. पण माणसाचे दवाखान्यातले कागद, शहरात भाड्याने खोली मिळावी म्हणून न सांगितलेली जात, चळवळीतल्या कार्यकर्त्यांचा आपसातला पत्रव्यवहार, अत्याचाराच्या प्रकरणात साक्ष देणाऱ्या बाईचा पत्ता, या गोष्टी वीस वर्षांनीही शिळ्या होत नाहीत. ज्यांची गुपिते जास्त काळ जपायला हवीत ते लोक पेटीच्या गिऱ्हाइकांच्या यादीत शेवटी असतात. बाजाराला हे आपणहून दिसत नाही, दाखवावे लागते.

६

हे दाखवण्याचे शास्त्रही आता तयार झाले आहे. १९८० मध्ये डेव्हिड कॉलिंगरिज या ब्रिटिश अभ्यासकाने एक पेच मांडला. तंत्रज्ञान कोवळे असते तेव्हा त्याला वळण लावता येते, पण त्याचे दुष्परिणाम तेव्हा कळत नाहीत. ते कळतात तोवर तंत्रज्ञान जून झालेले असते आणि वळण लावणे महागात पडते. २०१३ मध्ये ब्रिटनच्या अभियांत्रिकी व भौतिक विज्ञान संशोधन परिषदेने या पेचावर चार कामे सुचवली: पुढचा अंदाज घ्या, स्वतःच्या हेतूंची तपासणी करा, लोकांशी संवाद करा, आणि त्यातून निघेल तसे वागा. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने क्वांटम तंत्रज्ञानासाठी २७ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला, आणि ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखालील केंद्रात भौतिकशास्त्रज्ञांच्या बरोबरीने या जबाबदारीचा अभ्यास करणारी माणसेही बसली.

यातून शब्दांपर्यंत प्रश्न गेले. क्वांटम संगणकाने एखादे काम नेहमीच्या संगणकाला न झेपणाऱ्या वेगाने करून दाखवणे, याला जॉन प्रेस्किल या शास्त्रज्ञाने २०१२ मध्ये ‘क्वांटम सुप्रिमसी’, म्हणजे क्वांटम वर्चस्व, असे नाव सुचवले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने ५३ क्युबिटांच्या यंत्रावर ते साधल्याचा दावा केला: जे काम महासंगणकाला दहा हजार वर्षे लागेल ते २०० सेकंदांत. आयबीएमने उत्तर दिले की दहा हजार वर्षे नव्हेत, अडीच दिवस पुरतील. त्या वादात जाहिरात किती आणि विज्ञान किती, हे वाचकांनी ताडावे. डिसेंबर २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून त्या शब्दालाच हरकत घेतली. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा आणि वसाहतीचा इतिहास ज्या शब्दाला चिकटला आहे तो शब्द नव्या विज्ञानाच्या कपाळी कशाला, असा त्यांचा सवाल होता. काहींनी त्यांची टिंगल केली. आपण करणार नाही. आपली नावे, आपल्या वस्त्यांची नावे, आपल्याला मारलेल्या हाका यांतून माणूस कसा घडवला आणि मोडला जातो, हे या चळवळीने आधीच लिहून ठेवले आहे.

मात्र हा विचार आपल्याला केवळ ऑक्सफर्डकडून उसना घ्यावा लागत नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी वीज कशी निर्माण होते यावर वेळ घालवला नाही. ती कोणाच्या मालकीची असावी, ती स्वस्त आणि भरपूर कशी मिळेल, आणि मुळात कशासाठी हवी, हे त्यांनी विचारले. आणि दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसांना सोडवण्यासाठी ती हवी, अशी दिशा दिली. वीज हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते. तंत्रज्ञान कोवळे असतानाच मालकीचा आणि हेतूचा प्रश्न विचारणे, हेच तर ‘जबाबदार नवनिर्मिती’ म्हणजे. ब्रिटिश परिषदेने सुचवलेल्या चार कामांत मालकीचा प्रश्न स्पष्ट शब्दांत नाही. बाबासाहेबांनी तो आधी घेतला. आपल्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही टिपणे शेजारी ठेवून वाचावीत.

७

आता घराकडे येतो. भारत सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत ६००३.६५ कोटी रुपये. पन्नास ते हजार क्युबिटांचे संगणक, २००० किलोमीटर अंतरावर उपग्रहाच्या मदतीने सुरक्षित संदेश, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मद्रास, मुंबई आणि दिल्लीच्या आयआयटी यांच्याकडे चार केंद्रे सोपवली आहेत. मुंबईकडे मोजमापाच्या क्वांटम साधनांचे काम आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे एक केंद्र आहे. त्यापूर्वीच मार्च २०२१ मध्ये इस्रोने अहमदाबादला मोकळ्या हवेतून ३०० मीटरवर, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीने आणि डीआरडीओने प्रयागराज ते विंध्याचल अशा शंभराहून अधिक किलोमीटरच्या काचतंतूवरून क्वांटम किल्ली पाठवून दाखवली होती. बंगळूरहून निघालेली कल्पना सदतीस-अडतीस वर्षांनी अशी फिरून घरी आली.

मला याचा आनंद आहे. ‘आपल्याला क्वांटमचे काय करायचे, आधी पाण्याचा नळ द्या’ असे म्हणणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. नळही हवा आणि क्वांटमही हवे. आपण नळापाशी रांगेत उभे असताना प्रयोगशाळेच्या जागा भरल्या गेल्या, असे पुन्हा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे. तंत्रज्ञान अजून कोवळे आहे. कॉलिंगरिजच्या पेचातली वळण लावण्याची वेळ हीच.

म्हणून काही प्रश्न आत्ताच विचारावे लागतील. सार्वजनिक पैशातून बनलेली किंवा विकत घेतलेली पेटी उघडून, फोडून पाहण्याचा अधिकार ती न बनवणाऱ्या कोणाला असेल का, आणि त्याचा निकाल छापला जाईल का? या केंद्रांत संशोधनाला बसणाऱ्यांत आपली मुले-मुली किती, हा आकडा क्युबिटांच्या आकड्याशेजारी दरवर्षी जाहीर होईल का? स्वस्त गणिती कुलूप आधी कोठे बसेल: शेअरबाजारात, की जातीचे दाखले आणि दवाखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संगणकांत? आणि पेटी चुकली तर चूक पेटीचीच, हे लिहून कोण देईल? कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराच्या अर्जात, शिक्षकांनी अभ्यासमंडळात आणि विद्यार्थ्यांनी परिसंवादात हे प्रश्न विचारावेत. त्यासाठी क्वांटमचे गणित यावे लागत नाही. ज्यांना ते येते अशा आम्हा शिक्षकांची जबाबदारी वेगळी आहे: नियम कुठे संपतो आणि पेटी कुठे सुरू होते, ती रेघ साध्या मराठीत दाखवून देणे.

मागच्या सत्रात मी बी.एस्सी.च्या वर्गात बीबी ८४ शिकवले. प्रकाशकण नव्हते, उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेघा काढलेल्या चिठ्ठ्या होत्या. एक मुलगी ‘अ’ झाली, एक मुलगा ‘ब’, आणि मागच्या बाकावरची एकजण चोर. चोराने मधल्या चिठ्ठ्या पाहिल्या तेव्हा चुका वाढल्या आणि चोरी पकडली गेली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग त्या चोर झालेल्या मुलीने विचारले, “सर, मी चिठ्ठीला हात न लावता ‘ब’लाच धमकावलं तर?”

तो तास घंटा झाल्यावरही चालू राहिला.